दुखेल तोवर खुर्ची

७ जुलै

कॉलेजात आमच्या मॅडम म्हणायच्या, रुग्णाच्या कागदावर जे लिहिता येत नाही ते स्वतःच्या वहीत लिहा, म्हणजे डोकं ताळ्यावर राहतं. म्हणून ही वही. आईने ती आल्या आल्या देवीच्या दिव्याजवळ ठेवली आणि तिला कुंकू लावलं. आमच्या घरात अक्षर माझ्यापासून सुरू झालं, त्यामुळे कागद कुठलाही असो, आधी त्याची पूजा होते. विजेच्या बिलाचीसुद्धा झाली आहे.

ट्रस्टच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागल्यावर पारेखसाहेबांनी आज पहिल्यांदा एक रुग्ण पूर्ण माझ्यावर सोपवला. वासणा गावच्या जीवीबेन चौधरी, वय छप्पन्न. दोन्ही गुडघे झिजलेले, डावा जास्त. त्यांचा मुलगा दिलीप म्हणत होता, सरळ बदलून टाका, कटकट जाईल. तो गेल्यावर साहेब मला म्हणाले, "साखर बघितलीस त्यांची? ऑपरेशन केलं आणि जखम चिघळली तर पायावर बेतेल. आणि गुडघे इतकेही गेलेले नाहीत. दिवाळीपर्यंत चाकूशिवाय जे जे करता येईल ते कर, जागृती. दुखणं उतरलं तर उत्तम. नाही उतरलं तर मग मला कापावंच लागेल."

म्हणजे त्यांचे गुडघे आता माझ्या हातात. घरी येऊन मी उगाचच दोनदा हात धुतले.

१० जुलै

वासण्याला गेले. पडवीत मोठा झोपाळा. त्यावर जीवीबेनच्या सासूबाई, शामूबा. ऐंशीच्या पुढे असतील, पण पायाने जमीन रेटून असा झोका घेतात की बघणाऱ्याला वारा लागतो. त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. झोपाळ्याखाली, खांबाला टेकून जीवीबेन जमिनीवर बसलेल्या. मीही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. खालून गुडघा नीट दिसतो.

मी विचारलं, "जीवीबेन, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

"सहन होत नाही म्हणजे कसं, बेन?"

"म्हणजे... नको होतं."

"नको तर होतंच. पण सहनही होतं. बाई आहे ना मी."

शामूबा वरून म्हणाल्या, "सात लिही गं. बरा आकडा आहे."

जीवीबेन म्हणाल्या, "सात लिहा."

सात लिहिलं. पण हे उत्तर रुग्णाचं की नातेवाइकाचं, ही शंका इथे नोंदवून ठेवते.

मग दिवसभरात काय काय करता ते विचारलं. धारा उकिडवं बसून. भाकरी खाली बसून. भाजी, धुणं, सगळं खाली. आणि काम नसलं की बांसमोर खाली. बांनी हाक मारली की उठायचं, काम झालं की परत खाली.

"इतकी उठबस कशाला करता?"

"बा बसल्या असल्या की मी उभी कशी राहू? आणि वर कशी बसू?"

यात विचारण्यासारखं काही नव्हतं. सगळीकडे असंच असतं. पण पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, म्हणून धीर करून सांगितलं की खाली बसणं, उकिडवं बसणं बंद, यापुढे खुर्ची.

झोपाळा थांबला.

"खुर्ची? माझ्यासमोर?" शामूबा म्हणाल्या. "दाक्तरबेन, माझ्या सासूच्या देखत मी कधी खाटेला पाठ टेकली नाही. ती गेली, तेरावं झालं, मग मी या झोपाळ्यावर बसले. तोवर ती वर, मी खाली."

मी घाईघाईने म्हटलं, "बा, कायमची नाही हो. दुखेल तोवरच. दुखणं गेलं की खुर्ची गेली."

"नक्की?"

"नक्की."

शामूबा सुनेकडे वळल्या. मग गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलंस ना वहू? दुखेल तोवर खुर्ची. दुखणं गेलं की होतीस तिथे."

जीवीबेन माझ्याकडे बघत राहिल्या. सूचना देताना तिला ठरलेली मर्यादा असावी, असं मॅडम शिकवायच्या. आज ते मला बरं जमलं असं वाटतं.

१५ जुलै

खुर्ची आली. प्लास्टिकची, निळी. शामूबांनी त्याच दिवशी सुताराला बोलावून झोपाळ्याच्या साखळ्या दोन कड्या वर घेतल्या, म्हणजे सून खुर्चीवर बसली तरी सासू वरच. पण आता बांचे पाय जमिनीला पोचत नाहीत. मग झोपाळ्याला दोरी बांधली आहे. जीवीबेन खुर्चीवर बसतात आणि दोरी ओढून बांना झोका देतात. खांद्यांना व्यायाम होतो, हे चांगलंच.

धारा काढायला बुटकं स्टूल आणवलं. म्हशीसमोर उंच बसायला हरकत नाही, हे बांनी आपणहून सांगितलं.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम शिकवला. काठी डाव्या गुडघ्यासाठी उजव्या हातात धरायची, हेही. बा हसल्या. "दुखतं इकडे, आधार तिकडे. शिकलेल्यांचं सगळं उलटं." रोज संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला मोटारसायकलवरून दिलीप जायचा. आता दुधाची लहान किटली घेऊन जीवीबेननी चालत जायचं, असं ठरवलं. चालणं हे सर्वांत मोठं औषध आहे.

३ ऑगस्ट

जीवीबेन पंधरवड्यापूर्वीपेक्षा नक्की भरभर चालतात. डेअरीवर त्यांना सगळ्या मैत्रिणी भेटतात, परतायला अंधार होतो. गुडघा जास्त वाकतो, सूज उतरली. मी आनंदाने विचारलं, "आता किती?"

त्यांनी आधी खुर्चीच्या हाताला हात लावला, मग झोपाळ्याकडे बघितलं. "सात."

शामूबा म्हणाल्या, "गेल्या महिन्यात सात, आज सात. म्हशीचं दूधसुद्धा कमीजास्त होतं गं."

"मग काय करू, बा? आहे तेच सांगते."

मापं एक सांगतात आणि रुग्ण दुसरं. मोजण्यात माझंच चुकत असणार.

घरी स्थळाची बोलणी चालली आहेत. मुलगा तालुक्याला लाइनमन आहे. आई म्हणाली, मुलाच्या आईने एवढंच विचारलं, शिकलेली आहे ना, मग खाली बसून स्वयंपाक होईल का तिच्याच्याने? आईने सांगितलं, होईल की.

२० ऑगस्ट

आज एक गोष्ट घडली, तिचा अर्थ लागत नाही. आम्ही व्यायाम करत होतो, जीवीबेन खुर्चीवर. एवढ्यात फाटकातून त्यांचे काकासासरे आले. माझी मान वळेपर्यंत जीवीबेन जमिनीवर होत्या, पदर हनुवटीपर्यंत. हात टेकला नाही, खांब धरला नाही. खुर्चीची सूट बांपुरती आहे, काकांपुरती नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

काका गेले, तशा त्या उठून पुन्हा खुर्चीवर बसल्या. तेही सहज.

मी म्हटलं, "जीवीबेन, किती छान उठलात!"

त्या चपापल्या. मग डावा गुडघा दाबत कण्हल्या, "आई गं. आता कळ आली बघा."

पुस्तकात आहे, अचानक हालचालीनंतर कळ उशिरा येऊ शकते. तसंच असावं. शामूबा मात्र झोपाळ्यावरून माझ्याकडे बघत होत्या, जीवीबेनकडे नाही.

११ सप्टेंबर

सात.

पट्टा बांधून झाला, मलम झालं, गरम शेक झाला. साहेबांनी सांध्यात एक इंजेक्शनही दिलं. गोड बंद करून वजन उतरवलं, कंबरेची साडी सैल झाली असं त्या स्वतःच लाजत म्हणाल्या. तरी सात. गावातल्या बायकांनी एरंडेल लावून रुईची पानं बांधायला सांगितली, कातडी भाजणार नाही हे पाहून मी तेही करू दिलं. शामूबा म्हणाल्या, "आमच्या वेळी डाग द्यायचे. तापवलेली सळई एकदा टेकवली की दुखणं परत नाव घेत नसे."

"बरं व्हायचं?" मी घाबरून विचारलं.

"बरं कुठलं? दुखतंय म्हणायला कुणी धजत नसे."

जीवीबेन हसल्या नाहीत. मी बांना डागाचे धोके नीट समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं बाई, राहिलं," आणि दोरी ओढायला खूण केली.

माझा हात हलका पडतो का? दुसरी कुणी असती तर एव्हाना चार झालं असतं.

२८ सप्टेंबर

साहेबांना सगळं खरं सांगितलं. पाय सुधारलेत पण दुखणं तसूभर हललेलं नाही, बहुधा मीच कमी पडले. साहेबांनी एक्स-रे उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. "चित्रात एवढं काही दिसत नाही. पण चित्र आपलं, दुखणं त्यांचं. त्या सात म्हणतात तर सातच. दिवाळीनंतर, लाभपाचम झाली की डावा गुडघा बदलू. साखरेची मात्र मला भीती वाटते."

मलाही वाटते.

वासण्याला जाऊन सांगितलं. दिलीप म्हणाला, "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं." जीवीबेनचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हळूच विचारलं, "बेन, ते नवीन गुडघ्याने खाली बसता येत नाही म्हणतात, खरं?"

"खरं. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही."

"कधीच?"

"कधीच."

"बा म्हणाल्या तरी?"

"देव म्हणाला तरी."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. पहिल्यांदाच पूर्ण पाठ टेकली. "मग कापू देत," म्हणाल्या.

मी जखमेचं सांगितलं, साखरेचं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. केवढं हे धैर्य! मला इंजेक्शनची सुई बघवत नाही.

१० ऑक्टोबर

नवरात्रीची आठम. दिलीपने गरब्याला बोलावलं म्हणून वासण्याला थांबले. चौकात दिव्यांनी सजवलेली देवीची मांडवी, तिच्याभोवती बायकांचा फेर. शामूबांसाठी खाट टाकली होती, शेजारी निळी खुर्चीही आणली होती. ती रिकामी होती.

मी जीवीबेनना शोधत होते. त्या फेरात होत्या. टाळी, वळण, गिरकी, पुन्हा टाळी. डाव्या पायावर सगळा भार घेऊन गिरकी घेत होत्या आणि काठी खुर्चीला टेकवून ठेवलेली. मी धावत जाऊन थांबवणार होते, तर शामूबांनी माझा हात धरला.

"राहू दे."

"बा, त्यांना त्रास होईल!"

"बघ की किती होतोय."

फेर संपला. जीवीबेन घामाघूम होऊन आल्या, आम्हांला पाहिलं आणि दोन पावलं लंगडल्या. उजव्या पायाने. मी विचारलं तर म्हणाल्या, "आईचा फेर आहे बेन, तीच नाचवते. आता बघा, पाय तुटतोय."

आनंदात वेदना जाणवत नाही, याच्यावर आम्हांला एक पूर्ण धडा होता. आज तो डोळ्यांनी पाहिला. उजव्या गुडघ्याकडे मात्र माझं दुर्लक्ष झालंय, तोही दुखू लागलेला दिसतो. साहेबांना सांगायला हवं.

१४ ऑक्टोबर

जीवीबेन डेअरीवर गेलेल्या असताना शामूबांनी मला मुद्दाम थांबवून घेतलं.

"दाक्तरबेन, तू काय म्हणाली होतीस? दुखणं गेलं की खुर्ची गेली."

"हो, बा."

"आणि दुखणं नाही गेलं तर कापणार."

"हो."

"साखर आहे म्हणून पायही जाईल."

"जाईलच असं नाही. पण भीती आहे."

शामूबा म्हणाल्या, "तू फार शिकलीस गं." मला संकोच वाटला, मी खाली बघितलं. मग त्यांनी विचारलं, "दुखणं गेल्यावर परत खाली बसली, तर परत दुखेल का?"

मी विचार केला. "दुखेल. झीज भरून येत नसते."

"मग तुझी खुर्ची दुखेपर्यंतच कशी?"

खरंच, कशी? पुस्तकात तर काळजी आयुष्यभर घ्यायची आहे. त्या दिवशी बांना घाबरून मी अर्धंच सांगितलं होतं. मी म्हटलं, "बा, माझं चुकलं. तुम्हीच त्यांना सांगा, खुर्ची राहू दे म्हणून."

"मी? मी म्हटलं तर उद्या गाव म्हणेल, शामूने सून डोक्यावर बसवली. माझी सासू वरून थुंकेल माझ्यावर. माझ्या तोंडून नाही निघायचं. दाक्तरचा हुकूम असेल तर मग काय, मी म्हातारी काय करणार?"

जुन्या माणसांचा डॉक्टरांवर फार विश्वास असतो. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अर्थातच जन्मभर. तू वेगळं सांगितलं होतंस की काय?" मी खरं ते सांगितलं. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला, बहुधा ते हसले. का ते कळलं नाही.

१६ ऑक्टोबर

वासण्याला गेले. शामूबांनी शेजारच्या दोघी-तिघींना आधीच बोलावून ठेवलं होतं. मी बसल्याबरोबर त्या मोठ्याने म्हणाल्या, "काय गं दाक्तरबेन, हिचं दुखणं गेलं की ही खुर्ची माळ्यावर टाकायची ना?"

"नाही, बा. मी आधी चुकीचं सांगितलं. दुखो न दुखो, खुर्ची जन्मभर. साहेबांनी बजावून सांगितलंय."

"जन्मभर! ऐकलंत?" शामूबांनी शेजारणींकडे बघून कपाळावर हात मारला. "माझ्या नशिबी हेही होतं."

शेजारणी चुकचुकल्या. जीवीबेनची दोरी थांबली होती. त्या कधी माझ्याकडे बघत, कधी बांकडे.

"ओढ की गं," शामूबा म्हणाल्या. "हात पण दुखायला लागले काय?"

२२ ऑक्टोबर

जीवीबेनना विचारलं, "किती?"

"दोन."

मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "दीड लिहा हवं तर."

मी सगळी मापं परत घेतली. सप्टेंबरमध्ये होती तीच आहेत. उपचार तेच, व्यायाम तेच, तेल तेच. मी फक्त एक चूक दुरुस्त केली, तीही औषधाची नव्हे, सूचनेची. उजवा गुडघाही तपासला, त्यात काही दोष नाही, तोही बरा झालेला दिसतो.

८ नोव्हेंबर

साहेबांनी ऑपरेशन रद्द केलं. जीवीबेनना म्हणाले, "आता माझ्याकडे यायचं नाही, डेअरीवर जायचं." जीवीबेन माझा हात हातात घेऊन रडल्या. मलाही रडू आलं.

अहवाल लिहायला बसले आणि अडकले. बरं कशामुळे झालं? चालण्यामुळे म्हणावं तर ते जुलैपासून चालू होतं. इंजेक्शन म्हणावं तर त्याला किती दिवस झाले. खूप विचार करून लिहिलं, "चाकूशिवायच्या उपचारांचा परिणाम हळूहळू होतो, पण झाला की एकदम दिसतो." साहेबांनी वाचून खाली सही केली आणि पेढा दिला.

वासण्याला निरोप घ्यायला गेले. सुतार आला होता. झोपाळ्याच्या साखळ्या दोन कड्या खाली घेत होता. शामूबा म्हणाल्या, "पाय टेकत नाहीत, किती दिवस दुसऱ्याच्या हाताने झुलू?" झोपाळा खाली आला तो बरोबर खुर्चीच्या उंचीला. दोघी शेजारी शेजारी बसून मेथी निवडत होत्या. दोरी सोडून वासराच्या गळ्यात बांधली आहे.

मी नेहमीसारखी खाली बसले. शामूबा ओरडल्या, "अगं वर बस की! तुझे गुडघे काय उसने आणलेत?"

मी सांगितलं, "इथून नीट दिसतं, बा."

"काही दिसत नाही तुला," त्या म्हणाल्या, आणि दोघीही पदर तोंडाला लावून हसल्या. त्या घरात इतकं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

२४ नोव्हेंबर

आज साखरपुडा झाला. सासरची माणसं चांगली आहेत. होणाऱ्या सासूबाई खाटेवर बसल्या, मी त्यांच्या पायाशी. अंगणात मंडपवाल्याच्या चार खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तो प्रश्नच नव्हता. आईने डोळ्यांनीच खुणावलं होतं, पण तिने नसतं खुणावलं तरी मी बसलेच असते.

सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, "दवाखान्यात तू नेमकं काय करतेस, बेटा?"

मी म्हटलं, "बायकांना खुर्चीवर बसायला सांगते."

सगळे हसले. सासूबाई सगळ्यांत जास्त. मलाही हसू आलं, उत्तर जरा गमतीचंच झालं खरं.

दुपार खाली बसूनच गेली. उठताना डावा गुडघा वाजला, पायाला मुंग्या आल्या. थंडी सुरू झाली आहे. उद्यापासून तेल लावून बघते.